दहापर्यंत मोजायचं

(पहाट. स्वयंपाकघरात एकच दिवा. चमच्यात गोळी कुस्करल्याचा आवाज.)

हरिपूर. सांगलीपासून तीन-चार किलोमीटर. सकाळचे पावणेसहा.

या घरात चहाच्या आधी एक काम असतं. थायरॉइडची बारीक पांढरी गोळी एका चमच्यात घ्यायची, दुसऱ्यानं कुस्करायची, चार थेंब पाणी घालायचं आणि अर्धवट झोपेतल्या माऊच्या ओठाशी न्यायची. पुढं अर्धा तास दूध द्यायचं नाही. माऊला मात्र ते लागलीच हवं असतं. म्हणून हा अर्धा तास आज्जीच्या वाट्याला आलाय. आज्जी तिला कडेवर घेऊन दारात उभी राहते आणि दोघी रस्त्यावरची कुत्री मोजतात. आज पाच झाली. पाचवं दोनदा मोजलंय, पण तक्रार कुणाचीच नाही.

माऊ चार वर्षांची आहे. तिला डाउन सिंड्रोम आहे. माऊ हे घरातलं नाव. खरं नाव सांगायचं नाही, ही तिच्या आईची अट. कॅमेरा लावण्याआधी आम्ही विचारलं, मग चेहराही झाकायचा का? ती म्हणाली, "चेहरा दाखवा की. झाकला तर लोकांना वाटंल, आम्हालाच तो झाकायचा होता."

(उंबरा. माऊचे पाय. चपला उलट्या.)

जुनं घर, वीतभर उंच उंबरा. डाउन सिंड्रोमच्या मुलांचं अंग जन्मतः ढिलं असतं. स्नायूंना ताण कमी, सांधे सैल. बसणं, रांगणं, उभं राहणं, सगळं उशिरा. माऊ चालली सव्वादोन वर्षांची झाल्यावर. तेव्हा आबांनी, म्हणजे आजोबांनी, उंबरा काढायला सुतार बोलावला होता. फिजिओथेरपीच्या ताई म्हणाल्या, राहू द्या, फुकटचं व्यायामाचं साधन आहे. सुतार चहा पिऊन परत गेला.

मग माऊनं त्या उंबऱ्याचा घोडा केला. त्यावर पोट टेकून सरकली. चौकटीला धरून एक पाय पलीकडं टाकला आणि दुसरा अलीकडंच ठेवून रडली. आता ती तो सरळ ओलांडते. ओलांडला की मागं वळून बघते, कुणी पाहिलं का. कुणी पाहिलं नसेल, तर परत आत जाऊन पुन्हा ओलांडते.

(आई, खिडकीशी. हातात प्लॅस्टिकची जुनी फाइल.)

माऊ जन्मली फेब्रुवारी २०२१ मध्ये. आई सव्वीस वर्षांची. डॉक्टरांनी बाळाचे डोळे पाहिले, तळहातावरची एकच आडवी रेघ पाहिली, पायाच्या अंगठ्याशेजारची रुंद फट पाहिली आणि बाहेर व्हरांड्यात येऊन वडिलांना सांगितलं. वर बजावलं, बाळंतिणीला एवढ्यात काही बोलू नका. तीन दिवस त्या खोलीत ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं, फक्त आईला माहीत नव्हतं. त्या दवाखान्याचं नाव इथं घेत नाही. पण बाळाबद्दलची पहिली गोष्ट आईपासूनच लपवायची, ही रीत कुणी आणि का पाडली असेल, ते आम्हाला कळलेलं नाही.

आई सांगते, "बर्फी कुणी वाटली नाही, तेव्हाच कळलं काहीतरी हाय. पण मला वाटलं, मुलगी झाली म्हणून."

रक्त पुण्याला गेलं. अहवाल यायला तीन आठवडे लागले. फाइलमधला हा कागद त्यातलाच. काळ्या-पांढऱ्या काड्यांसारखी दिसताहेत ती गुणसूत्रं. माणसाच्या पेशीत त्यांच्या तेवीस जोड्या असतात, एकूण ४६. इथं एकविसाव्या जागी दोनाऐवजी तीन आहेत. एकूण ४७. या मुलांची लक्षणं जॉन लँग्डन डाउन या इंग्रज डॉक्टरानं १८६६ साली नोंदवली, त्याच्यावरून हे नाव. कारण सापडायला मात्र १९५९ उजाडलं. पॅरिसमध्ये संशोधकांनी ते जादा गुणसूत्र मोजलं. दर सातशे ते हजार जन्मांमागं एक बाळ असं असतं.

माऊच्या वडिलांनी त्या काड्या पेनाच्या टोकानं तीनदा मोजल्या. ते मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत. बेरीज चुकलेली त्यांना चालत नाही. आज्जीनं कागदाकडं न बघता विचारलं होतं, "एक जास्तीचं हाय न्हवं? कमी तर न्हाई?"

डॉक्टरांना त्यावर काही बोलता आलं नाही.

(अंगण. विळी. रस्त्यावरून येणारे आवाज.)

गल्लीत उत्तर तयार होतं. २१ जून २०२० ला सूर्यग्रहण होतं, रविवारी, सकाळी दहानंतर. माऊ तेव्हा पोटात, दीडएक महिन्याची. सूनबाईनं त्या दिवशी विळी हातात धरली होती, असं कुणाला तरी आठवलं. ते खरंही होतं. घरात बटाट्याची भाजी झाली होती.

जादा गुणसूत्र बहुतेक वेळा स्त्रीबीज तयार होतानाच राहून जातं, क्वचित पुरुषबीजात. जोडी सुटायची असते, ती सुटत नाही. आईच्या वयाबरोबर ही शक्यता वाढते. पंचविशीत साधारण साडेबाराशेत एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक. तरीही अशी बरीच बाळं तरुण आयांनाच होतात, कारण मुळात बाळंतपणं त्याच वयात जास्त. विळी हातात यायच्या कितीतरी आधी आकडा ठरून गेलेला असतो. हे सगळं डॉक्टरांनी समजावलं, आईला पटलंही. पण पुढच्या ग्रहणाला घरात कुणी चाकू शोधेना, तेव्हा तिनं मुद्दाम उठून कांदा चिरला.

(छातीवरचा व्रण. आई फ्रॉकची बटणं लावते आहे.)

या मुलांपैकी जवळपास निम्म्यांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. माऊच्या हृदयात मोठं छिद्र होतं. दूध ओढताना ती दमायची, घामानं भिजायची आणि अर्ध्यातच झोपायची. आज्जीनं माळ्यावरून दूध पाजायचं बोंडलं काढलं. शेवटी वाटी-चमचाच कामाला आला. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. ऑपरेशनसाठी वजन भरावं लागतं. त्या महिन्यांत हे घर ग्रॅममध्ये बोलत होतं.

सातव्या महिन्यात पुण्यात ऑपरेशन झालं. खर्च राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून. ही योजना २०१३ ची. तिच्या यादीत हृदयाचे जन्मजात दोषही आहेत आणि डाउन सिंड्रोमही.

आज्जीच्या माहेरी असाच एक पोरगा होता. देवळाच्या पायरीवर बसायचा, सगळे त्याला भोळा म्हणायचे. दहा-बारा वर्षांचा होऊन गेला. कशानं गेला, विचारायची पद्धत नव्हती. माऊचं छिद्र ऐकल्यावर आज्जीला तो पहिल्यांदा आठवला. "त्यो बी असाच दमायचा," ती म्हणाली. पुढारलेल्या देशांत अशा माणसांचं सरासरी आयुष्य १९८० च्या दशकात पंचवीसच्या आसपास होतं, आता साठच्या घरात आहे. फरकाचा मोठा वाटा हृदयाच्या ऑपरेशनांचा.

(माऊ ताट ढकलते. वाटी खाली. शांतता.)

ही मुलं कायम हसतमुख आणि प्रेमळ असतात, असं सर्रास म्हटलं जातं. ते माऊला कुणी सांगितलेलं दिसत नाही. दोडका तिला आवडत नाही. आज दोडका आहे.

देवाचं लेकरू, असंही म्हणतात. पाहुणे म्हणतात, रिक्षात शेजारी बसलेल्या बाया म्हणतात. आईला हा शब्द चालत नाही. "देवाचं असंल तर पावणेसहाला गोळी द्यायला देव उठतोय का? त्या उठत्यात," असं म्हणून ती सासूकडं बोट दाखवते. आत्या, ती त्यांना म्हणते. आत्या ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

(वडाप रिक्षा. सांगलीचा रस्ता. आईच्या मांडीवर माऊ.)

मंगळवार आणि शुक्रवार, वाचा उपचार. माऊ हाक मारली तरी बघायची नाही, तेव्हा सगळ्यांना वाटायचं, हट्टी आहे. तपासलं, तर दोन्ही कानांच्या पडद्यामागं पाणी. या मुलांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात, तिथं पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं. वर्षभर आपण बहिऱ्या पोरीला हट्टी म्हणत होतो, हे आई अजून विसरलेली नाही.

आता ऐकू येतं. बोलणं मात्र थोडं. वीस-बावीस शब्द, त्यातले निम्मे घरच्यांनाच कळणारे. 'पाई' म्हणजे पाणी, आणि पायही. समजतं त्याच्या कितीतरी पट जास्त. म्हणून शब्दाच्या जोडीला खुणा शिकवल्यात. अंगठा ओठाला लावला की पाणी. मूठ छातीवर फिरवली की 'मला'.

वाचा उपचारांच्या ताईंनी घरच्यांना एक गोष्ट सांगितली. प्रश्न विचारलात की गप्प बसा आणि मनात दहापर्यंत मोजा. तिला ऐकायला, समजायला, तोंडाची जुळवाजुळव करायला तेवढा वेळ लागतो.

गोष्ट साधी वाटते. करून बघा. तुला दूध हवं का? एक, दोन, तीन… चारला आपणच म्हणतो, हवं ना, हवंय तिला. वडील तिसऱ्या आकड्याला फुटायचे. आज्जी पाचाला. पहिल्या दिवशी आम्हीही तेच केलं. कॅमेरा लावला, तुझं नाव काय विचारलं आणि तिनं ओठ हलवायच्या आत दुसरा प्रश्न टाकला. सगळ्यात आधी जमलं ते आबांना. ते मुळात कमी बोलतात. आज्जीचं म्हणणं, लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, ह्यांना दहाच्या आत उत्तर द्यायला कधी जमलंय?

(अंगणात पोतं. हळद. आज्जी आणि माऊ समोरासमोर.)

मार्च. हळदीचा हंगाम. कृष्णा आणि वारणेच्या संगमावरचं हे गाव हळदीच्या पेवांचं. जमिनीखाली विहिरीसारखे खड्डे घेऊन त्यांत हळद साठवायची. २००५ च्या महापुरानं त्यातली बरीच पेवं निकामी केली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते पाटीवर लिहिलेलं आपण वाचतो. आज्जीनं तीस वर्षं गोदामात हळद निवडली. तिला मानांकन माहीत नाही, हळद माहीत आहे.

ताई म्हणाल्या होत्या, बोटांची चिमूट पक्की व्हायला हवी. मणी ओवा, ठोकळे रचा. माऊनं मणी तोंडात घातले. मग आज्जीनं पसाभर हळद पुढ्यात टाकली. हळकुंड लांब, गड्डा गोल. हळकुंड या सुपात, गड्डा त्या. पहिला महिना सगळंच एका सुपात. आता दहातली सात बरोबर पडतात. उरलेल्या तिनांबद्दल माऊचं मत वेगळं आहे.

वडिलांच्या मोबाइलमध्ये माऊचे शेकडो फोटो आहेत. स्टेटसला एकही नव्हता. तीन वर्षं. पुतण्याचा वाढदिवस होता, अडतीवरची पूजा होती, बैलसुद्धा होता. बायकोनं कधी विचारलं नाही, आणि ते त्यांना विचारण्यापेक्षा जास्त लागायचं. गेल्या हंगामात त्यांनी पहिला फोटो लावला. हळदीनं पिवळे झालेले दोन छोटे हात, बास. बायको बघून म्हणाली, "हात छान आलेत. बाकीची कुठंय?"

दुसऱ्या दिवशी बाकीचीही लागली. अडतीवरच्या एका हमालानं विचारलं, तुमची लेक का? हो म्हटलं. तो म्हणाला, माझ्या बहिणीचा पोरगा असाच हाय. आठ वर्षं दोघं एकाच काट्याशेजारी उभे होते.

(अंगणवाडी. सतरंजी. गोंधळ.)

सांगलीतल्या एका बालवाडीनं प्रवेश दिला नाही. आमची हरकत नाही, पण बाकीचे पालक काय म्हणतील, असं सांगितलं. मान्यताप्राप्त शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, असं २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा म्हणतो. वडील कायद्याची प्रत छापून घेऊन जायला निघाले होते. आई म्हणाली, जिथं नको आहे तिथं रोज चार तास तिला एकटी सोडणार कोण?

गावातल्या अंगणवाडीच्या सेविका म्हणाल्या, पंचवीस हायत, सव्विसावी येऊ दे. पहिल्या आठवड्यात माऊनं दोघांना ढकललं, एकाला चावली. एका मुलानं तिला परत ढकललं. आईला ते ऐकून बरं वाटलं, हे तिनं आम्हाला जरा चोरूनच सांगितलं.

दुसऱ्या मुलाचा विषय घरी निघतो. नातेवाइकांचा हिशेब सरळ असतो. एक पाठचं होऊ द्या, म्हणजे हिला बघायला कुणीतरी. आईला दुसरं मूल हवंय. पण जन्माआधीच त्याला नोकरी लावायची नाहीय तिला. अठराच्या पुढं पालकत्वाचे कागद काढावे लागतात, त्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, हे तिनं वाचून ठेवलंय. त्यापुढचं ती रात्री वाचत नाही. झोप लागत नाही म्हणते.

(संध्याकाळ. ओसरीची भिंत. पेन्सिल.)

या भिंतीवर आबांच्या छातीएवढी एक मळकट रेघ आहे. २०१९ च्या महापुराची. रंग दोनदा काढला, आबांनी ती रेघ झाकू दिली नाही. तिच्या खाली पेन्सिलीच्या बारीक खुणा आहेत, तारखांसकट. या माऊच्या. अशा मुलांसाठी वाढीचे वेगळे तक्ते असतात, डॉक्टरांकडं ते आहेत. आबांचा तक्ता हा.

माऊ भिंतीला टेकून उभी. आबा तिच्या डोक्यावर वही आडवी धरून खूण करतात. दिवाळीतल्या खुणेच्या वर, बोटभर.

"माऊ, कुणाची उंची वाढली?" आबा विचारतात. आणि थांबतात. आम्हीही थांबलो. कॅमेऱ्यामागं सगळे मनात मोजत होते. सहा. सात. आठ.

माऊनं उत्तर दिलं नाही. तिनं आबांच्या हातातली पेन्सिल घेतली, त्यांना ओढून खाली बसवलं, भिंतीला टेकवलं, आणि त्यांच्या टोपीच्या वर एक वाकडी रेघ मारली. मग वळून आज्जीकडं बोट केलं. "ये."

आज्जी उठायला तयार नाही. तिचं अर्धं पोतं निवडायचं राहिलंय.