आई-बाबा अमेरिकेला निघाले, विम्याचं काय?

(दृश्य : मुंबई विमानतळ, मध्यरात्र. वजनकाट्यावर चढणाऱ्या बॅगा.)

उन्हाळा लागला की मुंबई विमानतळावर मध्यरात्रीच्या रांगेत एक ठरावीक गर्दी दिसू लागते. साठी-पासष्टी ओलांडलेली जोडपी. पायात कोरे करकरीत बूट, गळ्यात पासपोर्टची पिशवी, बॅगेत डिंकाचे लाडू, हळीव आणि मेतकूट. मुलीचं नाहीतर सुनेचं बाळंतपण, नातवाची मुंज, किंवा नुसतंच ‘या ना एकदा’. पुण्याहून, नाशिकहून, डोंबिवलीहून, सांगलीहून निघालेली ही माणसं पुढचे पाच-सहा महिने न्यू जर्सीत, डॅलसमध्ये, सिअ‍ॅटलमध्ये राहणार असतात.

लेकीकडे जाणं म्हणजे काही सहल नव्हे, असं त्यांना वाटतं. त्यामुळे विम्याचा विषय तिकीट काढताना चौकोनात एक टिक करून उरकला जातो, किंवा निघतच नाही. युरोपचं तसं नाही. शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण दाखवावंच लागतं. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला ही अट नाही. आणि उपचार सगळ्यात महाग आहेत ते नेमके तिथेच.

(दृश्य : अमेरिकेतलं उपनगर. इस्पितळाची पाटी, रुग्णवाहिका.)

आपला इथला मेडिक्लेम बहुतेक वेळा भारताच्या हद्दीतच चालतो. मुलाला कंपनीकडून मिळालेल्या आरोग्य विम्यात बायको-मुलं बसतात, आई-वडील सहसा बसत नाहीत. मेडिकेअर ही ज्येष्ठांसाठीची सरकारी योजना पाहुण्यांसाठी नाही. म्हणजे तिथे पाऊल ठेवल्या क्षणापासून आपल्या तब्येतीचा सगळा खर्च आपला.

तिथलं इस्पितळ तातडीच्या रुग्णाला दारातून परत पाठवत नाही, हेही सांगायला हवं. १९८६ साली झालेल्या संघीय कायद्यानुसार आपत्कालीन विभागाला आलेल्या माणसाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते, खिशात पैसे असोत वा नसोत. मात्र त्याचं बिल येतं, आणि एकच येत नाही. रुग्णवाहिकेचं वेगळं, इस्पितळाचं वेगळं, डॉक्टरांचं, एक्स-रे वाचणाऱ्याचं, प्रयोगशाळेचं वेगळं. ही पत्रं कित्येक आठवडे टपालानं येत राहतात. काही तासांच्या तपासण्यांचे हजारो डॉलर होतात. हृदयविकारानं आठवडाभर राहावं लागलं, तर आकडा लाख डॉलरच्या घरात जाऊ शकतो.

(दृश्य : स्वयंपाकघरातलं टेबल. औषधांचा डबा. खिडकीबाहेर बर्फ.)

पैशांपेक्षाही मोठं कारण या टेबलाशी बसलं की कळतं.

आपल्या घरातली मोठी माणसं दुखणं अंगावर काढतात. इथेही काढतात, तिथे जास्त काढतात. प्रत्येक डॉलरला मनात रुपयांनी गुणायची सवय असते. मुलाच्या घराचे हप्ते चालू आहेत, सुनेची रजा संपत आली आहे, हे दिसत असतं. रात्री छातीत भरून येतं आणि बाबा म्हणतात, पित्त असेल, ओवा खाऊन पडतो. आईचा डावा हात जड वाटतो, ती म्हणते, बाळाला घेऊन अवघडला असेल. सकाळी सांगू. कशाला पोरांच्या डोक्याला ताप.

पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हृदयाच्या झटक्यात तर दर मिनिटाला स्नायू मरत असतो. ‘सकाळी सांगू’ म्हणणाऱ्याकडे तेवढा वेळ नसतो. खर्चाची सोय झालेली आहे, हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, तो माणूस रात्री दोन वाजता मुलाच्या खोलीचं दार ठोठावतो. आई-बाबांना ही मोकळीक मिळावी, म्हणून मला विमा इतका महत्त्वाचा वाटतो. आणि म्हणूनच पॉलिसी मुलांनी गुपचूप काढून ठेवू नये. ती आई-बाबांना दाखवावी, समजावून सांगावी.

(दृश्य : पॉलिसीची पानं. बारीक अक्षरांवरून सरकणारं बोट.)

आता या कागदात काय पाहायचं?

सगळ्यात आधी एजंट ज्याला ‘पीईडी’ म्हणतात ते, म्हणजे आधीपासूनचे आजार. साठीनंतर रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड, कधीकाळी बसवलेला स्टेंट, यातलं काहीतरी बहुतेकांना असतंच. क्लेम अडकतात ते बहुधा इथेच. काही पॉलिसी या आजारांमुळे झालेला कुठलाच खर्च देत नाहीत. काही फक्त जिवावर बेतलं तरच देतात, आणि तेही ठरावीक मर्यादेपर्यंत. अमेरिकी कंपन्यांच्या पाहुण्यांसाठीच्या पॉलिसीत जुना आजार अचानक, कसलीही पूर्वसूचना न देता उफाळला आणि लगेच, अनेकदा २४ तासांच्या आत, उपचार घेतले तर खर्च मिळतो. तिथेही वयाची अट असते. रात्रभर अंगावर काढलेलं दुखणं या अटीतूनही निसटू शकतं.

फॉर्म भरताना ‘प्रीमियम वाढेल’ म्हणून साखर लपवू नये. इस्पितळातली पहिलीच रक्ततपासणी ती उघड करते, आणि मग कंपनीला सगळा क्लेम नाकारायला कारण मिळतं. साखर लपवण्याचा सल्ला एखाद्या ओळखीच्यानं जरी प्रेमानं दिला, तरी तो मानू नका.

मग पॉलिसी कुठली, इथली की तिथली? भारतीय कंपनीची पॉलिसी निघण्याआधी घ्यावी लागते आणि बऱ्याचदा स्वस्त पडते. घेताना ‘अमेरिका आणि कॅनडा वगळून’ हा पर्याय चुकून निवडलेला नाही ना, एवढं नक्की पाहा. तो स्वस्त असतो, म्हणून यादीत वर दिसू शकतो. अमेरिकी पॉलिसी मुलं तिथे बसून ऑनलाइन घेऊ शकतात. तिच्यात दोन जाती आहेत. एकीत प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते, बाकीचं आपण भरायचं. दिसायला ही फार स्वस्त. दुसरीत आधी ठरलेली रक्कम, म्हणजे डिडक्टिबल, आपण भरायची आणि त्यापुढचा मोठा हिस्सा कंपनी उचलते. माझं मत स्पष्ट आहे. अमेरिकेतल्या बिलांपुढे ठरावीक रकमेची पॉलिसी फार तोकडी पडते. ऐपत असेल तर दुसरी घ्यावी, प्रीमियम कमी करायचा असेल तर डिडक्टिबल वाढवावं.

नेहमीच्या गोळ्या, नियमित तपासणी, गुडघ्याचं ठरवून केलेलं ऑपरेशन, हे यात साधारणपणे बसत नाही. गोळ्या मुक्काम पुरेल इतक्या इथूनच न्याव्यात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्यावं, कारण आपले ब्रँड तिथल्या दुकानदाराला ओळखू येत नाहीत.

हरवलेल्या बॅगेबद्दल थोडक्यात. आंतरराष्ट्रीय करारानुसार विमान कंपनीची भरपाई साधारण दोन हजार डॉलरच्या आसपास अडते. बॅग आली नाही, तर विमानतळ सोडण्याआधी लेखी तक्रार करून तिची प्रत घ्यावी. विमा कंपनी ती मागते.

(दृश्य : रिकामी बाल्कनी. वाळत घातलेली नऊवारी.)

एक गोष्ट घरात कुणी बोलत नाही. परदेशात मृत्यू झाला तर काय? मृत्यूचा दाखला, देहाच्या जतनाचं प्रमाणपत्र, भारतीय वकिलातीची परवानगी, विमानाची जागा. दुःखात बुडालेल्या मुलाला हे सगळं परक्या देशात एकट्यानं करावं लागतं, आणि खर्चही मोठा असतो. बऱ्याच पॉलिसींमध्ये देह मायदेशी आणण्याची तरतूद असते. मर्यादा किती, ते वाचून ठेवा. अशुभ वाटलं तरी वाचा.

(दृश्य : फ्रीजवर चुंबकानं लावलेला कागद.)

या कागदावर पॉलिसीचा क्रमांक, विमा कंपनीचा चोवीस तासांचा फोन, घराचा पूर्ण पत्ता आणि तिथल्या तातडीच्या मदतीचा ९११ हा आकडा मोठ्या अक्षरात लिहिलेला असावा. दिवसा मुलं ऑफिसात असतात, तेव्हा फोन आई-बाबांनाच करावा लागेल. साधा ताप किंवा मुरगळलेला पाय असेल तर आपत्कालीन विभागाऐवजी ‘अर्जंट केअर’ला, म्हणजे किरकोळ दुखण्यांसाठीच्या दवाखान्यात जावं, तिथे खर्च कितीतरी कमी येतो. दाखल व्हावं लागलं तर शक्य तितक्या लवकर विमा कंपनीला कळवावं आणि निघताना तपशीलवार बिल मागून घ्यावं.

शेवटी, बाळंतपण लांबतं, सुनेची रजा वाढत नाही, आणि ‘अजून महिनाभर राहा ना’ असा आग्रह होतो. परतीचं तिकीट पुढे ढकलाल त्याच दिवशी पॉलिसीही वाढवून घ्या. एकदा मुदत उलटली की बहुधा नवी पॉलिसी काढावी लागते, आणि मधल्या चार दिवसांत सुरू झालेलं दुखणंही नव्या पॉलिसीच्या लेखी ‘आधीपासूनचं’ ठरतं.