टाच किती रुतली?

माईक चालू आहे ना? हां. मंडळी, पहिल्यांदा एक सांगून टाकतो, सतरंजी ओली लागतीय त्याला मंडळ जबाबदार नाही, ते दव आहे. उघड्यावर संध्याकाळचं व्याख्यान डिसेंबरात ठेवलं की हे होणारच. मागच्या रांगेतल्या काकू शाल घेऊन आल्यात, त्या हुशार. बाकीच्यांनी चहा येईपर्यंत दम धरा.

मला विषय दिलाय हिवाळा आणि आपले खेळ. मी काय हवामानवाला नाही, मास्तरही नाही. पेठेतल्या एका बारक्या संघाचा गोलकीपर होतो, गुडघा गेला, मग खेळायचं सुटलं आणि मैदानाकडं बघायचं काम गळ्यात पडलं, ते आजतागायत आहे. काम काय, तर मॅचच्या दिवशी सकाळी सहाला जायचं, गोलपोस्टसमोर उभं राहायचं आणि टाच दाबायची. बुटाची टाच अर्धा इंच गेली तर खेळा. पूर्ण गेली आणि पाय काढताना खालनं पाणी वर आलं तर फोन लावायला घ्यायचे. दुसरी चाचणी बॉलची. खांद्याच्या उंचीवरनं सोडायचा. उडाला तर ठीक, फतक करून जागच्या जागी बसला तर विषय संपला. ही चाचणी कुठल्या पुस्तकात नाही, पण माझी कधी चुकली नाही. एकदाच चुकली, ते पुढं सांगतो.

आता तुम्ही म्हणाल कोल्हापुरात हिवाळ्यात मॅच रद्द व्हायचा प्रश्न येतोच कुठं, आपल्याकडं काय बर्फ पडतोय? बरोबर आहे. जानेवारीत पहाटे पारा 14-15 वर असतो, कधी त्याच्या खाली जातो, दुपारी परत 29-30. उलट हाच आपला सीझन. पावसाळ्यात मैदानात भात लावता येईल अशी अवस्था, मे महिन्यात दुपारी पाय भाजतात, म्हणून शाहू स्टेडियमला लीग असू दे नाहीतर गल्लीतल्या टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा, सगळी गर्दी थंडीतच. पेठापेठांतल्या तालमींची, म्हणजे आपल्या फुटबॉल संघांची पोरं वर्षभर याचीच वाट बघत असतात. आणि म्हणूनच हिवाळ्यातला एक दिवसाचा पाऊस पावसाळ्यातल्या आठ दिवसांपेक्षा जास्त नुकसान करतो, कारण जुलैत कुणी काही ठरवलेलंच नसतं.

बर्फाचं निघालंच आहे तर इंग्लंडचं सांगतो, मला तो किस्सा फार आवडतो. 1962-63 चा हिवाळा. एवढी थंडी पडली की मैदानं दगडासारखी झाली. एफए कप म्हणजे तिकडची फुटबॉलची बाद स्पर्धा, तिची तिसरी फेरी 5 जानेवारीला सुरू व्हायची होती, 32 सामने, ठरल्या दिवशी त्यातले 3 झाले. ती फेरी संपली 11 मार्चला. 66 दिवस! लिंकन आणि कोव्हेंट्री यांची एकच मॅच 15 वेळा पुढं ढकलली. हॅलिफॅक्स टाऊन म्हणून एक क्लब होता, त्यांनी सरळ मैदानाचा स्केटिंग रिंक केला आणि लोकांना आत सोडलं. मी म्हणतो ही खरी कोल्हापुरी बुद्धी, मॅच नाही तर नाही, गल्ला तरी जमू दे. आणि नॉर्विचवाल्यांनी काय केलं, आगीच्या फवाऱ्याची यंत्रं आणून बर्फ जाळला. बर्फ वितळला की, पण त्याचं झालं पाणी, पाण्याला जायला वाट नाही, ते तिथंच थांबलं आणि परत गोठलं.

हे लक्षात ठेवा, पाण्याला जायला वाट नाही. मला आज हेच सांगायचंय.

त्याच वर्षी तिकडं अजून एक गंमत झाली. फुटबॉलच्या निकालावर लोक पैसे लावायचे, कूपन भरायचे, आणि मॅचच होईनात म्हणून तो धंदा बसायला आला. तर 26 जानेवारी 1963 ला त्यांनी जुन्या खेळाडूंचं एक पॅनल बसवलं, टॉम फिनी, टॉमी लॉटन असली मोठी माणसं, आणि त्या पॅनलनं न झालेल्या मॅचचे निकाल ठरवून टाकले! कोण जिंकलं असतं, कोण हरलं असतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा म्हटलं यात नवीन काय, आमच्या मिरजकर तिकटीच्या चौकात असलं पॅनल रोज संध्याकाळी बसतंय, बिनपगारी, आणि ते झालेल्या मॅचचे पण निकाल बदलतंय.

असो. आपल्याकडं येऊ. आपल्याकडं हिवाळा मॅच बिघडवतो तो तीन प्रकारे, धुकं, दव आणि अवकाळी. धुक्याचं फार काही नाही, नऊ-दहाला ऊन वर आलं की गेलं, सकाळची मॅच तासभर उशिरा लावायची. रंकाळ्यावर समोरचा काठ दिसत नाही म्हणून लोक फोटो काढतात तेवढंच. दव जरा त्रासाचं. रात्री आभाळ निरभ्र असलं की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते, गवत हवेपेक्षा गार पडतं आणि हवेतली वाफ त्याच्यावर थेंब होऊन बसते. पंचगंगेच्या काठाला ओल जास्त, सभोवार ऊस, पाणी पाजलेली रानं, म्हणून आपल्याकडं दव दणकून पडतं. सकाळच्या मॅचला बॉल असा निसटायचा हातातनं की मी जर्सीच्या आत एक कोरडा टॉवेल कोंबून ठेवायचो. टेनिस बॉलवाल्यांचं तर विचारू नका, दोन ओव्हरला बॉल भिजलेल्या मांजरासारखा होतो, मारला तरी जात नाही.

आणि घरची तऱ्हा वेगळीच. थंडीत जर्सी वाळत नाहीत. शनिवारी मॅच, रविवारी परत मॅच, आणि अकरा जर्सी आमच्या गॅलरीत टांगलेल्या, रात्री दव पडून अजून ओल्या. आमच्या हिनं एकदा सगळ्या इस्त्रीनं वाळवल्या, रात्री साडेबारापर्यंत, खोलीभर वाफ आणि घामाचा वास. सकाळी उठून बघतो तर मैदान ओलं आणि मॅच रद्द. ती काही बोलली नाही. नुसती इस्त्री उचलून माळ्यावर ठेवली. त्या दिवशीपासून मी टाच जास्त काळजीनं दाबायला लागलो.

पण खरा राक्षस अवकाळी. हिवाळ्यात आपल्याकडं उत्तरेचा कोरडा वारा असतो, तो आहे तोवर थंडी आहे आणि आभाळ स्वच्छ. पण अरबी समुद्रात किंवा तिकडं बंगालच्या बाजूला काही फिरायला लागलं की वारा बदलतो, ओली हवा घुसते, ढग येतात. ढग म्हणजे जमिनीवर टाकलेली गोधडी, ऊब वर जात नाही, म्हणून रात्री एकदम थंडी पळते. लोक म्हणतात वा, आज बरं वाटतंय. मला त्या रात्री झोप येत नाही. 2017 च्या डिसेंबरात ओखी वादळ अरबी समुद्रातनं गुजरातकडं सरकलं तेव्हा मुंबईत शाळांना सुट्टी द्यावी लागली, ऐन डिसेंबरात! आणि 2021 च्या 1 डिसेंबरचा पाऊस तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल, राज्यात जिकडं तिकडं पाऊस आणि वर गारठा, पुणे जिल्ह्यात मेंढपाळांच्या मेंढ्या शेकड्यानं दगावल्या. तिथं आपली मॅच ती काय.

मॅचपेक्षा मोठी माणसं त्यात अडकतात हे मी मैदानावरच शिकलो. आमचा एक लेफ्ट बॅक होता करवीरातल्या गावचा, घरचं गुऱ्हाळ. पाऊस आला की मॅच असो नसो तो यायचाच नाही. मी एकदा चिडून बोललो, तर म्हणाला, "दादा, चिपाडं भिजल्यात, घरात या आणि बघा." गेलो. गुऱ्हाळात जळण विकत आणत नाहीत, ऊस गाळून जे चिपाड उरतं तेच उन्हात पसरून वाळवायचं आणि चुलवाणात घालायचं. तेच भिजलं तर काईलीखाली, म्हणजे रस उकळायच्या कढईखाली, जाळ कसला? नुसता धूर. गाळलेला रस तर ठेवून चालत नाही, आंबतो. त्याचे वडील धुरात डोळे पुसत उभे, गूळ करणारा गुळव्या बसलेला, आणि माझा लेफ्ट बॅक ताडपत्रीखालचं कोरडं चिपाड शोधत फिरतोय. तिकडं ऊसतोडवाल्यांच्या खोपीत पाणी, ट्रॉली रानात रुतलेल्या. मी मुकाट्यानं चहा पिऊन परत आलो. त्यानंतर त्याला कधी बोललो नाही.

बरं, पाऊस तासभर पडला आणि थांबला, मग दुसऱ्या दिवशी मॅच का होत नाही? हा प्रश्न मला हजार वेळा विचारलाय, तोही स्टँडवर बसून, "आबा, ऊन पडलंय की!" अरे बाबा, मे मधलं ऊन आणि डिसेंबरमधलं ऊन एक आहे का. डिसेंबरात दिवसच जेमतेम अकरा तासांचा, सूर्य तिरका, त्यात ढग गेलेले नसतात, पाणी उडून जाणार कसं? मग ते खालीच जायला पाहिजे. आणि खाली काय आहे? आपली काळी माती. ती पाणी पिऊन फुगते, फुगली की भेगा बंद, भेगा बंद की पाणी वरच. वरनं बघाल तर हिरवंगार, छान, आणि पाय ठेवला की बुटाला किलोभर चिखल. डी मधलं, म्हणजे गोलपोस्टसमोरच्या चौकटीतलं तर सांगूच नका, तिथं गवत कधीच टिकत नाही, तिथं खळगा पडतो आणि सगळ्या मैदानाचं पाणी गोलकीपरच्या पायाशी येतं. मी अनुभवानं सांगतोय.

आपल्या गांधी मैदानाचंच बघा. ते कुठं आहे? वरुणतीर्थ वेशीत. अहो नावातच वरुण आहे आणि तीर्थ पण आहे! तिथं पूर्वी तळं होतं, ते बुजवून मैदान झालं, कपिलतीर्थाची मंडई झाली तसंच. आपण तळं विसरलो, पाणी विसरत नाही. पाऊस पडला की ते आपल्या जुन्या घरी येऊन बसतं. मग क्रिकेटवाली पोरं लाकडाचा भुसा आणतात, पोती अंथरतात, स्पंज पिळतात, आणि मी लांबनं बघतो आणि मला ते नॉर्विचवाले आठवतात. एव्हर्टन क्लबनं 1958 मध्ये गवताखाली विजेच्या तारा घालून मैदान गरम करायची सोय केली होती, इंग्लंडमध्ये पहिलीच. बर्फ वितळला, पण ते पाणी जायला खालचे निचऱ्याचे पाईप पुरेनात, दोन वर्षांत सगळं उकरून परत केलं. एवढे पैसेवाले लोक, पण चूक तीच. आपण मंडळाकडं पैसे आले की पहिल्यांदा काय करतो? पॅव्हेलियनला रंग. स्वागत कमान. एखादा माणूस म्हणाला की बाबा मैदानाला मध्यातनं बाजूला थोडा उतार देऊ, कडेनं चर मारू, त्यात खडी-वाळू भरू, तर त्याला म्हणतात चर कुणाला दिसणार आहे? दिसणार नाही, खरंय. नारळ फोडायला पण जागा नाही त्याच्यावर.

आता ती चुकलेली टाच. खरं म्हणजे माझी नाही, दुसऱ्याची, पण मी विश्वास ठेवला म्हणून माझीच. गारगोटीच्या पुढं एका गावात स्पर्धा होती, नाव घेत नाही, माणसं चांगली आहेत. आदल्या रात्री पाऊस झाला होता. मी फोन केला, "मैदान कसं आहे?" पलीकडनं "एकदम ओक्के, या तुम्ही." पहाटे टेम्पो ट्रॅक्स ठरवली, चौदा माणसं, किट, पाण्याचे कॅन. बिद्रीच्या अलीकडं असलं धुकं की ड्रायव्हर खिडकीतनं डोकं बाहेर काढून चालवतोय, आणि समोर अचानक उसानं भरलेली बैलगाडी, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. ब्रेक मारला तेव्हा किटच्या पिशव्या माझ्या डोक्यावर आल्या. कुणाला लागलं नाही, पण मुधाळ तिट्ट्याला चहाला थांबलो तेव्हा कुणी बोलत नव्हतं, ग्लास हातात आणि हात थरथरतायत, थंडीनं का कशानं माहीत नाही. पोचलो तर मैदानात म्हशी. मी डी मध्ये टाच दाबली, घोट्यापर्यंत गेली. संयोजक हात जोडून म्हणतो, "काल तुमचा फोन आला तेव्हा मी घरात होतो हो, मैदान बघितलंच नव्हतं."

बघा, मॅच रद्द झाल्याचा मला राग आला नाही. आजपर्यंत कधीच आला नाही, ओल्या मैदानात पोराचा गुडघा फिरला तर काय होतं ते मी रोज जिना चढताना भोगतोय. राग आला तो घरात बसून ओक्के म्हटल्याचा. परत येताना एक पोरगं म्हणालं त्यानं मॅचसाठी दुकानातली रजा टाकली होती, दिवसाचा पगार गेला. टेम्पोचं भाडं गेलं. तेव्हापासून मी आमच्या मैदानापुरता नियम केला, सहाला मैदान, साडेसहाला निरोप, आणि निरोप सगळ्यांना. सगळ्यांना म्हणजे दोन कॅप्टन आणि पंच एवढेच नाहीत. पंचाचा शब्द मैदानात शेवटचा, मान्य, पण पंच येतो मॅचच्या वेळेला, तोवर निम्मं गाव घरातनं निघालेलं असतं. आमच्या गेटवर शेंगदाणे विकणारे एक मामा होते, एकदा रद्द झालेल्या मॅचला पाच किलो भाजून घेऊन आले, रिकाम्या मैदानाकडं बघितलं आणि मला म्हणाले, "मालक, मला बी सांगायचं की वो. मी काय टीमचा न्हवं व्हय?" आता व्हॉट्सॲप ग्रुप केलाय तर त्यात पहिला नंबर त्यांच्या पोराचा टाकलाय, तो गाडा आता तोच चालवतो. त्याच्याकडनंच सगळ्यात आधी अंगठा येतो.

चहा आला वाटतं. एक मिनिट, मघाशी मला दारात दोन-तीन पोरांनी विचारलं, आबा उद्याची मॅच नक्की आहे का, सकाळपासनं ढगाळ होतं. आता सांगतो. खालच्या सतरंजीला हात लावून बघा. ओली आहे ना, गार पण लागतीय? म्हणजे वर आभाळ मोकळं झालंय. मॅच आहे. तरी सहाला जाऊन टाच दाबतो आणि ग्रुपवर टाकतो, तोवर टेम्पोला ॲडव्हान्स देऊ नका.