साखर, गुठळी आणि अँटिऑक्सिडंटची गोळी

मधुमेहाची चर्चा साखरेच्या आकड्यापाशी सुरू होते आणि बहुतेकदा तिथेच संपते. पण मधुमेहींचे सर्वाधिक मृत्यू होतात ते हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी, आणि त्यांत शेवटचा घाव बहुतेक वेळा रक्ताची गुठळीच घालते. म्हणून आज प्लेटलेटबद्दल, म्हणजे रक्ताची गुठळी धरणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशींबद्दल बोलू.

प्लेटलेट जेमतेम आठ-दहा दिवस जगतात. जखम झाली की त्यांनी एकमेकींना चिकटायचं, एरवी गुपचूप वाहत राहायचं. त्यांना शांत ठेवतं रक्तवाहिनीचं आतलं अस्तर. त्यासाठी ते नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडत असतं. साखर सतत चढी राहिली की या अस्तराच्या पेशींमध्ये सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचं एक आक्रमक रूप, म्हणजेच एक मुक्त मूलक) जास्त तयार होतं आणि ते नायट्रिक ऑक्साइडचा फडशा पाडतं. शिवाय पेशींच्या आवरणातल्या मेदाचं ऑक्सिडीकरण होऊन आयसोप्रोस्टेन नावाची संयुगं बनतात, ते प्लेटलेटना आणखी चेतवतात. त्यात गुठळीचे धागे ज्यातून बनतात ते फायब्रिनोजेन वाढलेलं, आणि गुठळी विरघळू न देणारं पीएआय-१ हे प्रथिनही वाढलेलं. अशी गुठळी लवकर होते, दाट होते आणि विरघळायला वेळ लावते.

मग या ऑक्सिडीकरणाला आवर घालणारं अँटिऑक्सिडंट द्यावं, असं वाटणं साहजिक आहे. १९९९ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना ई जीवनसत्त्व हे अँटिऑक्सिडंट दिलं, तेव्हा आयसोप्रोस्टेन घटले आणि प्लेटलेटची चेतनाही घटली. केवढी आशा वाटली असेल! पण २००० साली ‘होप’ चाचणीचे निष्कर्ष आले. साडेनऊ हजारांवर रुग्ण, त्यांतले तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मधुमेही, रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व, सुमारे साडेचार वर्षं. हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. पुढच्या पाठपुराव्यात तर हृदय निकामी होण्याचं प्रमाण या गटात जास्त दिसलं. २००२ मध्ये २०,५३६ जणांच्या ब्रिटिश चाचणीत ई, सी आणि बीटा-कॅरोटीन एकत्र देऊनही काही हाती लागलं नाही.

असं का व्हावं? मला पटणारं कारण असं: सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड यांची गाठ इतक्या झटकन पडते, की मेदात मुरलेलं जीवनसत्त्व तिथे वेळेवर पोचतच नाही. रक्ततपासणीतला आकडा सुधारला म्हणजे झटका टळला, असं धरून चालता येत नाही.

ग्लिक्लाझाइड या रक्तातली साखर उतरवणाऱ्या गोळीतही मुक्त मूलकं टिपणारा गुण आहे, प्रयोगशाळेत तो दिसतोही. तरी ती साखरेसाठीच घ्यायची.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं औषध चालू असेल तर ई जीवनसत्त्वाचे मोठे डोस स्वतःच्या मनाने घेऊ नका. रक्तस्रावाचा धोका वाढतो. प्लेटलेटना चिकटू न देणारी अ‍ॅस्पिरिनही अशीच स्वतःच्या मनाने घेऊ नका. २०१८ च्या ‘असेंड’ चाचणीत, आधी हृदयविकार नसलेल्या १५,४८० मधुमेहींमध्ये तिने रक्तवाहिन्यांचे गंभीर प्रसंग १२ टक्क्यांनी घटवले, पण मोठे रक्तस्राव २९ टक्क्यांनी वाढवले. ज्यांना झटका येऊन गेला आहे त्यांच्यासाठी हिशेब वेगळा; त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नये.