बुटांचा हिशेब किलोमीटरमध्ये

नमस्कार श्रोतेहो. पळायचे बूट घरात हाताशी असतील तर त्यातला एक उचलून आणा. पुढची दहा-बारा मिनिटं तो हातात असलेला बरा.

बूट हातात घेतला की बहुतेक जण तो आधी उलटा करून तळ बघतात. नक्षी शिल्लक आहे, रबर कुठे फाटलेलं नाही, म्हणजे अजून सहा महिने चालेल, असा निकाल देऊन तो परत रॅकवर ठेवतात. इथेच चूक होते. तळाचं रबर हा बुटाचा सगळ्यात चिवट भाग. त्याच्या वर जो जाड, पांढरा किंवा रंगीत थर दिसतो, तो मिडसोल. पाय जमिनीवर पडताना बसणारा मार झेलण्याचं काम त्याचं, आणि बूट संपतो तोही तिथेच. रबर शाबूत आणि मिडसोल मेलेला, असे कितीतरी बूट पहाटे पुण्याच्या रस्त्यांवर पळत असतात.

मिडसोल बऱ्याच बुटांत इव्हीए नावाच्या फोमचा असतो. त्यात बंद तोंडाचे असंख्य बारीक बुडबुडे असतात. आता थोडं गणित करू. सत्तर किलो वजनाचा माणूस किलोमीटरला साडेसहा मिनिटं अशा गतीने पळत असेल, तर एका किलोमीटरला त्याची साधारण १,००० ते १,१०० पावलं पडतात. म्हणजे एकेका बुटाच्या वाट्याला पाचशेच्या वर. पळताना प्रत्येक पावलाला जमिनीवर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त जोर येतो. ६०० किलोमीटर झाले की एका बुटाने दीडशे किलोच्या आसपासचा दाब तीन लाखांहून अधिक वेळा सोसलेला असतो. बुडबुड्यांच्या भिंती दुमडतात, तडकतात, आतली हवा हळूहळू निसटते. ताजा पाव दाबून सोडला की वर येतो आणि शिळा दबलेलाच राहतो, तसं फोमचं होतं.

ही घसरण कशी होते यावर १९८५ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बूट यंत्राखाली आपटून तपासले, तेव्हा पहिल्या ८० किलोमीटरइतक्या वापरातच धक्का शोषण्याची क्षमता मूळच्या तीन चतुर्थांशांवर आली होती. ४०० ते ८०० किलोमीटरच्या दरम्यान ती ६० टक्क्यांच्याही खाली गेली. माणसांनी प्रत्यक्ष पळून वापरलेल्या बुटांत घट कमी होती, ८०० किलोमीटरनंतरही सुमारे ७० टक्के शिल्लक. आजचे फोम वेगळे आहेत, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे आजच्या बुटांना लावू नयेत. पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. झीज सुरुवातीला भरभर होते आणि मग संथपणे चालू राहते, एखाद्या ठरावीक दिवशी बूट अचानक मरत नाही. आणि महाग-स्वस्त किंवा या कंपनीचा-त्या कंपनीचा, याने त्या चाचणीत फरक पडलेला दिसला नव्हता.

म्हणूनच ‘दर सहा महिन्यांनी बूट बदला’ या सल्ल्याला फारसा अर्थ नाही. मोजायचे ते किलोमीटर. सर्वसाधारण रोजच्या सरावाच्या बुटाला ५०० ते ८०० किलोमीटर धरतात. वजन ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढे असेल, टाच जोरात आपटून पळायची सवय असेल किंवा बूट हलका, पातळ तळाचा असेल, तर पाचशेच्या जवळ राहावं. वजनाने हलक्या, मऊ पावलाच्या धावपटूचा भरभक्कम बूट आठशे गाठतो. आठवड्याला १५ किलोमीटर पळणाऱ्याचे ६०० किलोमीटर ४० आठवड्यांत होतात, आणि आठवड्याला ४० पळणाऱ्याचे १५ आठवड्यांत, म्हणजे चार महिन्यांच्याही आत. मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याला एक जोड तयारी आणि शर्यत अशा दोन्हींना पुरत नाही, तो त्यामुळेच. शर्यतीच्या दिवसासाठीचे ते जाडजूड, आत कार्बनची पट्टी असलेले बूट आणखी लवकर जुने होतात, साधारण २५० ते ४०० किलोमीटरमध्ये. ते रोज घालून मिरवणं म्हणजे खिशाला मोठं भोक. सहा हजारांचा बूट ६०० किलोमीटर चालला तर किलोमीटरला १० रुपये पडतात, वीस हजारांचा ४०० चालला तर ५० रुपये.

हिशेब ठेवायला घड्याळात किंवा मोबाइलच्या ॲपमध्ये बुटाच्या नावाने किलोमीटर जमा करण्याची सोय असते. ते नको असेल तर आतलं इनसोल, म्हणजे तळव्याखालची सुटी गादी, बाहेर काढून त्याच्या खालच्या बाजूला मार्करने तारीख लिहा, आणि महिन्याचा आकडा कॅलेंडरवर टाका. एक गोष्ट मात्र हिशेबातून हटकून सुटते, ती म्हणजे चालणं. पळून आल्यावर त्याच बुटांनी मंडईत जायचं, ऑफिसला जायचं, दिवसभर तेच पायात. सहा हजार पावलं म्हणजे चार किलोमीटरहून जास्त. चालताना दाब पळण्याच्या निम्म्याने असतो, पण तो दिवसभर असतो, शिवाय बूट सुकायला वेळच मिळत नाही. पळायचे बूट पळण्यापुरतेच.

आता हातातल्या बुटाकडे वळू. तो टेबलावर ठेवा आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून मागून बघा. टाचेचा कप सरळ उभा आहे का? आत किंवा बाहेर कललेला दिसला, तर एका बाजूचा फोम जास्त दबला आहे. मग मिडसोलच्या बाजूच्या भिंती बघा, टाचेखाली आणि चवड्याखाली. तिथे आडव्या सुरकुत्या पडल्या असतील, आणि अंगठ्याने दाबल्यावर त्या न मिटता आणखी खोल जात असतील, तर फोम थकला. इनसोल काढून आत हात घाला. टाचेच्या जागी खड्डा लागतो का बघा. पुष्कळ जण इथे नवं इनसोल घालून समाधान मानतात. त्याने पायाला दोन दिवस मऊ वाटतं, पण खालचा मिडसोल जिथे होता तिथेच राहतो.

तळाकडे शेवटी बघा, आणि बघायचं ते रबर कुठे झिजलं यापेक्षा कुठे संपून फोम उघडा पडला हे. टाचेची बाहेरची कड घासलेली असणं अगदी नेहमीचं आहे. त्यावरून ‘पाय वाकडा पडतो’ असं निदान कुणी काउंटरवर उभं राहून केलं, तर ते मनावर घेऊ नका. मात्र डावा आणि उजवा बूट ठळकपणे वेगळे झिजले असतील तर आपला रस्ता आठवा. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेने पळणाऱ्याचा एक पाय कायम खालच्या पातळीवर पडतो. सणस मैदानावर किंवा बालेवाडीला ट्रॅकवर पळणारे नेहमी डावीकडेच वळतात, त्याचाही परिणाम दिसतो.

पुण्यातल्या जमिनीबद्दल एक-दोन गोष्टी. सिमेंटचे रस्ते खरखरीत, ते रबर किसून काढतात. वेताळ टेकडी आणि तळजाईच्या वाटा मुरमाच्या, खड्यांच्या. तिथे चार-पाच मिलिमीटर उंच दात असलेले ट्रेलचे बूट उपयोगी, पण तेच बूट घालून घरापासून टेकडीपर्यंत तीन किलोमीटर सिमेंटवरून गेलं तर दात टेकडीऐवजी रस्त्यावरच झिजतात. सिंहगडाचा घाट उतरताना पाय बुटात पुढे सरकतो, अंगठ्याचं नख काळं पडतं. बोटांपुढे एक सेंटिमीटर जागा आणि नाडी वरच्या शेवटच्या भोकापर्यंत ओवून घोट्याशी घट्ट, एवढं केलं तर बहुतेकांची नखं वाचतात. ट्रेडमिलवरचा बूट सगळ्यात फसवा. तळ नवाकोरा दिसतो, किलोमीटर मात्र सातशे झालेले असतात.

शरीरही खूण देतं. सराव वाढवलेला नाही, रस्ता तोच, वेग तोच, आणि तरी आठवडा-दोन आठवडे नडगी, गुडघा किंवा तळव्याची कमान दुखते, तर किलोमीटरचा आकडा बघा. सराव नुकताच वाढवला असेल तर बुटाला दोष देण्याआधी तो कमी करून बघा. दुखण्याचं कारण बूट असण्यापेक्षा घाई असण्याची शक्यता जास्त.

आता दोन जोड आलटून-पालटून वापरण्याविषयी. याचा पाठपुरावा करणारा अभ्यास लक्झेंबर्गमध्ये झाला. २६४ हौशी धावपटूंवर २२ आठवडे लक्ष ठेवलं. एकापेक्षा जास्त जोड वापरणाऱ्यांत दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी आढळला. ही निव्वळ निरीक्षणं होती, कुणाला चिठ्ठ्या टाकून बूट वाटले नव्हते, हे ध्यानात ठेवावं. तरी कारण पटण्यासारखं आहे. बुटाची उंची, मऊपणा, टाच आणि चवड्यातला फरक बदलला की स्नायूंवर आणि सांध्यांवर येणारा भार थोडा इकडेतिकडे होतो, तीच तीच जागा रोज मार खात नाही. म्हणून एकाच मॉडेलचे दोन जोड घेण्यापेक्षा दोन वेगळे घ्यावेत. एक मऊ आणि जाड, सावकाश पळायला आणि रविवारच्या लाँग रनला. दुसरा थोडा हलका आणि कडक, वेगाच्या सरावाला. पण फरक बेताचा हवा. टाच चवड्यापेक्षा दहा मिलिमीटर उंच असलेल्या बुटावरून एकदम चार मिलिमीटरवर उडी मारली तर पोटऱ्या आणि टाचेची शीर बोंबलते. दुसरा जोड आठवड्यातून एकदा, तोही तीन-चार किलोमीटरसाठी, असा सुरू करावा.

फोमला पूर्ववत व्हायला एक दिवस विश्रांती लागते, असं सांगतात. कायमचा दबलेला फोम विश्रांतीने परत येत नाही, त्यामुळे आलटून-पालटून वापरल्याने बुटाचं आयुष्य दुप्पट होईल ही आशा सोडा. सहाशेचे दोन जोड म्हणजे बाराशेच किलोमीटर. फायदा सुकण्यात आहे, आणि पुण्यात जून ते सप्टेंबर हा फायदा फार मोठा.

भिजलेला बूट घरी आणल्यावर आधी नाड्या सैल करून जीभ पूर्ण पुढे ओढा, इनसोल बाहेर काढून वेगळं वाळत घाला. आत वर्तमानपत्राचे बोळे ठासून भरा, अगदी बोटांपर्यंत. पहिले बोळे तासाभरात ओलेचिंब होतात. ते तिथेच ठेवले तर काही उपयोग नाही, बदलायलाच हवेत, आणि रात्री झोपताना पुन्हा एकदा. मग पंख्याखाली, तळ भिंतीला टेकवून बूट तिरका उभा ठेवा. दमट हवेत पूर्ण सुकायला दीड-दोन दिवस लागतात. गॅसच्या शेगडीजवळ ठेवणं, केस वाळवायचं यंत्र आत खुपसणं किंवा ऊन पडल्या पडल्या गच्चीवर टाकणं, या तिन्हींनी गोंद सैल होतो आणि इव्हीए आक्रसतो. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत राहिलेल्या बुटांचं हेच होतं. चिखल लागला असेल तर तो सुकू द्या, जुन्या टूथब्रशने झाडा, आणि उरलेला डाग साध्या पाण्यात थोडा साबण घालून पुसा. वॉशिंग मशीन नको. पावसात घासलेला तळ धोक्याचाही आहे. झेब्रा क्रॉसिंगचे रंगवलेले पट्टे, ड्रेनेजची लोखंडी झाकणं आणि शेवाळलेले पेव्हर ब्लॉक यांवर घासलेलं रबर पकडत नाही.

दोन्ही जोड एकाच दिवशी विकत घेऊ नका. पहिल्याचे दोनशे-अडीचशे किलोमीटर झाले की दुसरा आणा. दोन्ही एकदम संपत नाहीत, आणि जुना किती दबला हे नव्याच्या शेजारी घातल्यावर पायाला लगेच कळतं. एका पायात जुना, एका पायात नवा घालून दिवाणखान्यात चार पावलं टाकून बघा. खरेदीला संध्याकाळी जावं, तोवर पाय थोडे सुजलेले असतात, आणि पळायचे मोजे बरोबर न्यावेत. मागच्या वर्षीचं मॉडेल सवलतीत मिळत असेल तर जरूर घ्या, पण खोक्यावर एमआरपीच्या स्टिकरवर छापलेला निर्मितीचा महिना आणि वर्ष वाचा. तीन-चार वर्षं गोदामात पडलेल्या बुटाचा गोंद दमट हवेत कमजोर झालेला असू शकतो. पॉलियुरेथेन या दुसऱ्या प्रकारच्या फोमचा तळ असेल तर तो न वापरताही हातात भुगा होऊन येतो. कपाटात जपून ठेवलेल्या बुटाचा तळ पहिल्याच दिवशी निखळतो, तो बहुधा यामुळे.

पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, आणि ती ओळखली जाते डिसेंबरसाठी. डिसेंबरात शर्यत धरून चाललो तर शर्यतीचा बूट ऑक्टोबरअखेर घरात हवा. त्यावर ४० ते ६० किलोमीटर आणि निदान एक लाँग रन झालेला असावा. शर्यतीच्या आदल्या दिवशी घेतलेला बूट बहुतेक वेळा फोड देतो.

राहता राहिला संपलेला बूट. फोम चांगला आणि फक्त पुढचं रबर उचकटलेलं असेल, तर कोपऱ्यावरच्या चांभाराकडून सोल्यूशन लावून चिकटवून घ्या, दहा-वीस मिनिटांचं काम. तळातून आरपार शिलाई मात्र मारू देऊ नका, धागा आत पायाला टोचतो आणि बूट तिथे कडक होतो. किलोमीटरच भरले असतील तर डागडुजी न करता तो चालायला, बागकामाला, गाडी धुवायला काढा. पळायच्या रॅकवर मात्र परत ठेवू नका, नाहीतर पहाटेच्या अंधारात चुकून तोच पायात येतो. टाचेवर काळ्या मार्करने मोठी फुली मारलेली बरी.

नमस्कार.