कमावलेला विचार

(१ मे रोजी नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मे महिन्याच्या पहिल्या तारखेला, नागपुरात, संध्याकाळी सहा वाजता घरचा कूलर सोडून तुम्ही एका जर्मन माणसाविषयी ऐकायला आलात. इथे पंखे आहेत, पण तेही गरमच हवा फिरवतायत. तेव्हा प्रस्तावना आटोपती घेतो.

आताच माझी ओळख करून देताना आयोजकांनी विषयही सांगितला: ‘चामडं कमावणारा असूनही तत्त्वज्ञ झालेला योझेफ डीट्सगेन’. त्यांचा हेतू कौतुकाचाच होता. पण ते ‘असूनही’ मला खटकलं. खरं सांगायचं तर आयुष्यभर मीही ते वापरलंय, आणि आज त्याच्याशीच भांडायचं आहे.

आधी माणूस कोण ते सांगतो. जन्म ९ डिसेंबर १८२८, ऱ्हाइनलँडमधल्या ब्लांकेनबेर्ग या गावी. बाप चामडं कमावणारा, मुलगाही तेच शिकला. बापाच्या कारखान्यात काम करताना शेजारी पुस्तक उघडं असायचं, असं त्याच्या मुलाने लिहून ठेवलंय. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ वाचले, कम्युनिस्ट जाहीरनामा वाचला. १८४८ची क्रांती झाली, फसली. पुढच्याच वर्षी हा अमेरिकेत. तिथे चामड्याचं काम केलं, रंगारी झाला, शिकवलं, कालव्यातल्या बोटींवरून आणि पायी खूप भटकला. दोन वर्षांनी परत आला. १८५९मध्ये पुन्हा गेला, या वेळी दक्षिणेत, अलाबामातल्या माँटगोमरीला. यादवी युद्ध पेटलं तसा परतला. १८६४मध्ये सेंट पीटर्सबर्गला, झारच्या सरकारी चामड्याच्या कारखान्यात देखरेखीला. आणि तिथे, रशियाच्या त्या थंडीत, त्याने आपलं मुख्य पुस्तक लिहिलं.

१८६९मध्ये ते हांबुर्गला ओटो माइस्नरने छापलं. मार्क्सचं ‘भांडवल’ छापणारा प्रकाशकही हाच. मराठीत नाव सांगायचं तर ‘माणसाच्या डोकेकामाचं स्वरूप’. खाली लिहिलंय: ‘एका हातकाम करणाऱ्याने मांडलेलं’. त्याखाली आणखी एक ओळ: ‘शुद्ध आणि व्यावहारिक बुद्धीची पुन्हा एकदा समीक्षा’.

ही शेवटची ओळ ज्यांनी जर्मन तत्त्वज्ञ कांट वाचलाय त्यांना गंमत वाटेल अशी आहे. शुद्ध बुद्धीची समीक्षा आणि व्यावहारिक बुद्धीची समीक्षा ही कांटच्या दोन मोठ्या ग्रंथांची नावं. हा गडी म्हणतो, तुम्ही केलीत ना, आता मी पुन्हा एकदा करतो. आपल्याकडच्या भाषेत म्हणजे, ‘सरका जरा, मले पाहू द्या.’

मुखपृष्ठावरच्या त्या दोन शब्दांकडे बघा. डोकेकाम आणि हातकाम. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात ‘काम’ हा शब्द कुठून आला? आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारे लोक चिंतन म्हणतो, मनन म्हणतो, प्रज्ञा म्हणतो. हा म्हणतो काम. एखाद्या कामाचं स्वरूप कसं विचारतात? कच्चा माल काय, अवजार काय, हातात शेवटी काय पडतं. त्याने विचाराला हेच तीन प्रश्न विचारले. माल म्हणजे जग, इंद्रियांना भेटणारं, सुटं सुटं. अवजार मेंदू. लिहिणं हे जसं हाताचं काम, तसं विचार हे मेंदूचं काम. आणि हातात पडतं ते सामान्य, म्हणजे अनेक सुट्या गोष्टींतून काढलेलं एक. एवढंच. पण ‘एवढंच’ म्हणायला त्याच्या आधीचे बरेच मोठे लोक कचरले होते.

कांट म्हणतो, वस्तू आपल्याला जशी दिसते तशी कळते. ती स्वतः, मुळात, काय आहे ते कधीच कळणार नाही. आता आपण संत्रं घेऊ. नागपुरात बसून दुसरं काय घेणार? त्याचा रंग काढा. वास काढा. आंबटगोडपणा, वजन, साल सोलताना डोळ्यात उडणारा तो फवारा, सगळं काढा. आता ‘मूळ संत्रं’ दाखवा. डीट्सगेनचं म्हणणं, उरलं काहीच नाही. सगळी दिसणं आणि जाणवणं यांच्यापलीकडे लपून बसलेलं संत्रं नाही. त्या सगळ्यांची बेरीज म्हणजेच संत्रं, आणि ती बेरीज करणं हे डोक्याचं काम. बरं, बेरीज एकच नसते. कळमन्याच्या बाजारातला अडत्या एक बेरीज करतो, काटोलचा बागवाला आंबिया बहराच्या हिशोबाने दुसरी करतो, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक तिसरी. खोटी कुठलीच नाही, पुरी कुठलीच नाही. (संत्र्याचं उदाहरण माझं आहे, त्याच्या माथी मारू नका.)

मी हे सगळं वर्गात तीस वर्षं शिकवलं. डीट्सगेन नव्हे, कांट. डीट्सगेन अभ्यासक्रमात नव्हताच. आणि ज्या घरातून मी वर्गात जायचो त्या घरात माझे वडील होते. एम्प्रेस मिल या कापड गिरणीत, सूत कातायच्या रिंग खात्यात. १ जानेवारी १८७७ला सुरू झालेली ती मिल या शहराचं घड्याळ होती. भोंगा झाला की आमच्या गल्लीत चुली पेटायच्या. वडील सांगायचे, खात्यात इतका आवाज की शेजारच्याशी खुणेने बोलावं लागे. पण त्या आवाजातून त्यांना कुठला साचा बिघडतोय ते कळायचं. आज दमट आहे, आज सूत जास्त तुटणार, हे ते पाळीवर जायच्या आधी अंगणात उभे राहून सांगायचे. शेकडो दिवसांतून काढलेलं एक सामान्य. कच्चा माल, अवजार, हातात पडलेलं. मी रात्री दिवा लावून ‘सामान्य आणि विशेष’ याच्या नोट्स काढत बसायचो आणि ते शेजारच्या खाटेवर झोपलेले असायचे. त्यांना मी कधी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यांच्यापाशी काही असेल, असं वाटलंच नाही.

असो. आपल्या भाषेत एक विलक्षण क्रियापद आहे, ‘कमावणं’. पैसा कमावतात, तालमीत शरीर कमावतात, आणि कातडं कमावतात. कच्चं कातडं दोन दिवसांत सडतं. ते भिजवायचं, चुन्यात घालायचं, केस काढायचे, आतलं मांस सुरीने तासायचं. मग सालीच्या पाण्यात. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा. त्यांच्याकडे ओकची साल. खड्ड्यात कातड्याचा थर, सालीच्या भुग्याचा थर, पुन्हा कातडं. जाड कातडं असेल तर वर्ष-दीड वर्ष. घाई केली तर वरून पिकतं, आतून कच्चंच राहतं. वीस वर्षं असं काम केलेल्या माणसाला, विचार हा आकाशातून पडतो असं कोण पटवणार? तोही कमवावा लागतो, हे त्याला हातानेच ठाऊक. म्हणून मी म्हणतो, तो चामडं कमावणारा असूनही तत्त्वज्ञ नव्हता. त्याचा तत्त्वज्ञानाचा प्रश्नच त्या खड्ड्याच्या काठावरचा आहे.

पण थांबा. हे वाक्य या शहरात इतक्या सहज बोलता येत नाही.

या शहरात, १४ ऑक्टोबर १९५६ला, लाखो लोकांनी जे मागे टाकलं त्यात मेलेली गुरं ओढण्याचं आणि सोलण्याचं, जन्माने चिकटवलेलं कामही होतं. ते काम सोडा, असं बाबासाहेब महाडपासून सांगत होते. जात म्हणजे नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी १९३६मध्ये लिहिलं. डीट्सगेनच्या अंगालाही वास येत असणार. पण तो रंगारी होऊ शकला, मास्तर होऊ शकला, मनात आलं तेव्हा पुन्हा कातड्याकडे येऊ शकला. त्याच्या हाताचं पाणी कुणाला विटाळलं नाही. आपल्या इथल्या त्याच कामातल्या माणसाला पुस्तक शेजारी उघडून ठेवायला आधी अक्षर मिळू द्यायचं नव्हतं. तेव्हा खड्ड्याने तत्त्वज्ञ घडवला असं मी म्हणत नाही. खड्डा, उघडं पुस्तक आणि खड्डा सोडून जाण्याची मोकळीक, तिन्ही लागलं. यातलं एक काढलं तर उरतो तो निव्वळ खड्डा, आणि त्याचं कौतुक करायला लेखणीवाले नेहमीच तयार असतात.

रोहिदासांच्या नावावरची ओळ सगळ्यांना पाठ आहे, ‘मन चंगा तो कठौती में गंगा’. कठौती म्हणजे लाकडी भांडं, इथे चामडं भिजवायचं. आपल्याला त्या ओळीतली गंगा आठवते. भांडं आठवत नाही.

आता मार्क्सकडे येऊ, कारण ‘असूनही’ची लागण त्यालाही होती. डीट्सगेनने रशियातून हस्तलिखित पाठवलं. १८६८मधली मार्क्सची पत्रं आहेत. एकात तो म्हणतो, डीट्सगेनने आपले सगळे विचार आटवून दोन फर्म्यांत, म्हणजे थोड्याच छापील पानांत, बसवावेत आणि स्वतःच्या नावाने, चामडं कमावणारा म्हणून, छापावेत. दुसऱ्या पत्रात म्हणतो, थोडा गोंधळ आहे, पुनरुक्ती फार आहे, पण पुष्कळ काही उत्तम आहे, आणि एका कामगाराने स्वतंत्रपणे केलेलं म्हणून तर कौतुकास्पदच. बघा, आलं का? द्वंद्वात्मक विचाराचा मोठा जर्मन तत्त्वज्ञ हेगेल, तोच त्याने अभ्यासला नाही हे दुर्दैव, असंही मार्क्सने लिहिलं. पण मार्क्सच्या बाजूनेही बोललं पाहिजे. पुढच्याच वर्षी तो मुलीला, जेनीला, घेऊन जर्मनीतल्या झीगबुर्गला, रशियाहून परतलेल्या डीट्सगेनच्या घरी गेला. आणि एंगल्सने १८८६मध्ये जाहीर लिहिलं की ही द्वंद्वात्मक पद्धत, म्हणजे विरोधांतून होणाऱ्या बदलाच्या अंगाने विचार करण्याची रीत, आमच्यापासून, हेगेलपासूनही, स्वतंत्रपणे एका जर्मन कामगाराने शोधली, योझेफ डीट्सगेनने. त्यात ‘असूनही’ नाही.

पुनरुक्तीबद्दल मार्क्स बरोबर होता, हे मान्य करतो. डीट्सगेन वाचताना तिसऱ्यांदा तीच गोष्ट आली की मी पान उलटतो. उतारवयात त्याचा ‘विश्व’ हा शब्द इतका फुगला की कीर्तनाला बसल्यासारखं वाटतं. विचारही टेबलासारखेच भौतिक, असं तो लिहून बसला. लेनिनने १९०९च्या पुस्तकात त्यावर त्याचा कान धरला, आणि त्याच पुस्तकात त्याची पाठराखणही केली. आणखी एक: झीगबुर्गला त्याचा स्वतःचा कारखाना होता. काटेकोर बोलायचं तर तो मजुरीवर जगणारा कामगार कायम नव्हता, छोटा मालकही होता. आपल्याला निखळ नायक आवडतात, म्हणून ही गोष्ट सहसा सांगत नाहीत.

मला त्याचं सगळ्यात आवडतं लिखाण वेगळंच आहे. मोठा मुलगा ऑयगेन अमेरिकेत गेला होता. १८८०पासून पुढे बापाने त्याला झीगबुर्गहून पत्रं लिहिली. विषय? तर्कशास्त्र. परदेशात गेलेल्या पोराला आपण काय लिहितो? जेवत जा, थंडीला जप, पैसे पाठव. याने लिहिलं, विचार म्हणजे काय. ती पत्रं पुढे पुस्तक म्हणून निघाली. शिकागोतल्या केर या प्रकाशकाने त्याचं लेखन इंग्रजीत आणलं ते १९०६मध्ये, आणि मग वेल्समधले खाणकामगार आपल्या अभ्यासवर्गांत ते वाचू लागले. दिवसभर जमिनीखाली कोळसा, संध्याकाळी डोकेकामाचं स्वरूप. त्यातल्या कित्येकांना हे माझ्यापेक्षा लवकर समजलं असणार.

आता आजच्या तारखेकडे, १ मेच्या कामगार दिनाकडे. १८८४मध्ये डीट्सगेन तिसऱ्यांदा अमेरिकेत गेला. ४ मे १८८६, शिकागो, हेमार्केट चौकातल्या कामगारांच्या सभेत पडलेला बॉम्ब. कामगारांच्या जर्मन दैनिकाचे संपादक श्पीस आणि श्वाब तुरुंगात गेले. शहरात इतकी दहशत की त्या कचेरीचा जिना चढायला माणूस धजत नव्हता. डीट्सगेनचं आणि त्या मंडळींचं फारसं जमत नव्हतं. ते अराजकवादी, हा समाजवादी, आणि त्यांनी त्याच्यावर टीकाही केलेली. वय सत्तावन्न. हा उठला, गेला आणि म्हणाला, अंक बंद पडता कामा नये, मी लिहितो. ज्यांच्याशी पटत नाही त्यांची खुर्ची, ते तुरुंगात असताना, त्यांच्यासाठी सांभाळायची. हे त्याच्या कुठल्या प्रमेयातून निघतं ते मला माहीत नाही. पण त्याचं पुस्तक मी पुन्हा हातात घेतलं ते हे वाचल्यावर.

११ नोव्हेंबर १८८७ला, त्या बॉम्बच्या खटल्यात, श्पीससह चौघांना फाशी दिली. पाच महिन्यांनी, १५ एप्रिल १८८८ला, रविवारी, डीट्सगेन शिकागोत घरी जेवण करून सिगार ओढत बसला होता. कुणी पाहुणा आला, राजकारणाच्या गोष्टी निघाल्या. भांडवली उत्पादन कसं कोसळणार हे तो हिरिरीने सांगत होता, आणि एका वाक्याच्या मध्येच थांबला. हृदय बंद पडलं होतं. दोन दिवसांनी त्याला वाल्डहाइमच्या दफनभूमीत, त्या फाशी गेलेल्या माणसांच्या शेजारी पुरलं.

पाणी आहे का जरा? हां, द्या. आणि मागे ते भाऊ मघापासून हात वर करून बसलेत, त्यांना आधी विचारू द्या.