कोपऱ्यावरचे २५ फूट

(हडसन नदी, सकाळ. पलीकडे मॅनहॅटनच्या इमारती. फेरी बोट धक्क्याला लागते.)

नदीपलीकडे दिसतंय ते न्यूयॉर्क. अलीकडच्या काठावर, न्यू जर्सी राज्यात, होबोकेन. जमीन जेमतेम सव्वा चौरस मैल, म्हणजे साधारण सव्वातीन चौरस किलोमीटर. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या भरली ६० हजारांच्या वर. अमेरिकेतल्या सर्वांत दाट वस्तीच्या शहरांत होबोकेनचं नाव घेतात. इथली माणसं सकाळी घराबाहेर पडतात ती बहुतेक पायीच. कुणी न्यूयॉर्कला जाणाऱ्या ‘पाथ’ या लोकल ट्रेनच्या स्टेशनाकडे, कुणी फेरीच्या धक्क्याकडे, कुणी मुलांना शाळेत सोडायला. नोकरी नदीपलीकडे आणि बिऱ्हाड अलीकडे, अशी मराठी घरंही त्यात आहेत.

(वॉशिंग्टन स्ट्रीट. दुतर्फा दुकानं, गाड्यांच्या रांगा.)

हा वॉशिंग्टन स्ट्रीट, इथला मुख्य रस्ता. २०१५ साली हाच रस्ता ओलांडताना ८९ वर्षांच्या एका आजींना व्हॅनची धडक बसली आणि त्या गेल्या. रवी भल्ला तेव्हा इथले नगरसेवक होते. २०१७ मध्ये ते महापौर म्हणून निवडून आले, आणि २०१९ मध्ये शहरानं ‘व्हिजन झिरो’ हे धोरण स्वीकारलं. २०३० पर्यंत होबोकेनच्या रस्त्यांवर वाहनामुळे कुणी दगावू नये, कुणी जखमी होऊ नये, हे उद्दिष्ट ठरलं. कल्पना मूळची स्वीडनची. तिथल्या संसदेनं १९९७ मध्ये ती मंजूर केली. माणूस आहे, तो कधी ना कधी चुकणारच. चालणारा चुकेल, चालवणाराही चुकेल. त्या चुकीपायी कुणाचा जीव जाऊ नये, असा रस्ता बांधणं हे रस्ता बांधणाऱ्याचं काम. धोरणाचं सार एवढंच आहे.

(शेजारच्या एका गावातला कोपरा. कॅमेरा खाली.)

हे दृश्य होबोकेनमधलं नाही. कॅमेरा मुद्दाम जमिनीपासून तीन फुटांवर धरलाय. तीन-चार वर्षांच्या मुलाचे डोळे साधारण इथे असतात. समोर काय दिसतं? एका एसयूव्हीचं दार, तिचं चाक, आणि चाकाच्या वर पत्रा. क्रॉसिंगच्या अगदी तोंडाशी गाडी लावलीय. पलीकडून काही येतंय का, हे बघायला मुलाला बंपरच्या पुढे यावं लागतं. आणि बंपरच्या पुढे आलं, की ते रस्त्यावर आलेलंच असतं. तिकडून गाडी चालवत येणाऱ्यालाही मूल दिसतं ते त्याच क्षणी. एवढ्या अंतरात ब्रेक लागायचा कसा?

(होबोकेन. तसाच कोपरा, तेवढ्याच उंचीवरून.)

आता इथे बघा. उंची तीच. पण क्रॉसिंगच्या अलीकडे गाडी नाही. फिक्या रंगानं रंगवलेला एक तुकडा आहे आणि त्याच्या कडेनं प्लास्टिकचे लवचिक खांब. दोन्ही बाजूंचा रस्ता लांबवर दिसतो. रस्त्यावरून येणाऱ्यालाही फुटपाथच्या कडेला उभं असलेलं मूल लांबूनच दिसतं.

क्रॉसिंगच्या अलीकडचं हे मोकळं अंतर आहे २५ फूट. साडेसात मीटरच्या आसपास, म्हणजे एक मोठी गाडी आणि वर थोडी जागा. हा आकडा होबोकेननं शोधून काढलेला नाही. न्यू जर्सीच्या वाहतूक कायद्यात तो आधीपासून आहे. क्रॉसिंगपासून २५ फुटांच्या आत गाडी लावायची नाही, स्टॉपच्या पाटीपासून ५० फुटांच्या आत लावायची नाही. आपल्याकडेही चौकाच्या तोंडाशी गाडी उभी करायला नियमानं बंदीच आहे. पण जिथे पार्किंगची मारामार, तिथे नुसत्या नियमाला कोण भीक घालतो? ‘दोन मिनिटांत आलोच’ म्हणून एक जण लावतो, तो निघाला की त्याच जागी दुसरा येतो. होबोकेननं काय केलं, तर कायद्यातलं अंतर जमिनीवर आखलं आणि तिथे गाडी शिरूच नये म्हणून खांब रोवले. आमच्या मते या गावाची खरी करामत हीच. पोलिसाला रोज येऊन पावती फाडावी लागत नाही. खांब रात्रंदिवस उभा असतो.

(रस्ता खरवडणारं यंत्र. डांबराची वाफ. मागून रंगाचं यंत्र.)

खर्चाचं गणितही इथेच सुटलं. प्रत्येक कोपऱ्यासाठी वेगळी योजना, वेगळी निविदा असं केलं असतं, तर अर्धं शहरही झालं नसतं. त्यांनी हे काम डांबरीकरणाला जोडून टाकलं. रस्ता खरवडून नवा थर द्यायचाच असतो आणि पट्टे नव्यानं मारायचेच असतात. मग पट्टे मारतानाच कोपरे मोकळे करायचे, क्रॉसिंगच्या रेघा जाड करायच्या, खांब बसवायचे. ज्या रस्त्याची पाळी आली तो सुधारला. पुढच्या मोसमात पुढचा. मोठं उद्घाटन नाही, फीत नाही. एकेक कोपरा करत शहर बदलत गेलं.

(वॉशिंग्टन स्ट्रीटचा कोपरा. फुटपाथचा फुगीर भाग, आत झाडं, पाऊस.)

काही ठिकाणी खांबांच्याही पुढची पायरी गाठलीय. इथे फुटपाथच रस्त्यात थोडा पुढे आणलाय. त्यामुळे दोन गोष्टी होतात. ओलांडायचं अंतर तेवढं कमी होतं. आणि कोपऱ्याचं वळण आवळलं गेल्यानं गाडीला वेगात वळताच येत नाही. वळणाऱ्या चालकाला वेग कमी करावाच लागतो.

पुढे आलेल्या या भागात ही जी झाडं दिसताहेत, ती नुसती शोभेची नाहीत. माती मुद्दाम सखल ठेवलीय. कडेच्या फटीतून रस्त्यावरचं पाणी आत येतं आणि मुरतं. २९ ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळात हडसनचं पाणी या शहरात घुसलं होतं. गावाचा पश्चिम भाग पूर्वीच्या पाणथळ जमिनीवर वसलेला, त्यामुळे पाणी तिथे कितीतरी वेळ साचून राहिलं. तेव्हापासून पाण्याचा निचरा हा इथे घरोघरचा विषय आहे. गाडी काढून झाडं लावली, आणि चालणाऱ्याला जागा व पाण्याला वाट, असे एका दगडात दोन पक्षी मारले.

मोकळ्या झालेल्या काही कोपऱ्यांत सायकलींचे स्टँड बसवलेत. सायकल बुटकी, तिच्या आरपार दिसतं. आडोसा होत नाही.

(सिग्नल. आधी चालणाऱ्याचं चित्र उजळतं. गाड्यांना अजून लाल.)

इथे काही सेकंद गाड्यांकडे दुर्लक्ष करा. चालणाऱ्याचा सिग्नल सुरू झाला, गाड्या मात्र अजून थांबलेल्याच. तेवढ्या वेळात माणसं क्रॉसिंगच्या मध्याकडे पोचतात, वळणाऱ्या चालकाच्या थेट नजरेसमोर. मग गाड्यांना हिरवा मिळतो. हा बदल सिग्नलच्या पेटीतल्या वेळापत्रकात करायचा असतो, त्यासाठी रस्ता खणावा लागत नाही.

(‘२०’ लिहिलेली वेगमर्यादेची पाटी.)

२०२२ मध्ये शहरातली वेगमर्यादा ताशी २५ मैलांवरून २० वर आणली, म्हणजे ३२ किलोमीटर. अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासानुसार, ताशी ३७ किलोमीटरच्या वेगानं धडक बसली तर पायी चालणाऱ्या दहांतला सरासरी एक जण दगावतो. वेग ५१ झाला की चारांतला एक.

(चौकातले आजोबा, बाबागाडी, मागून सून.)

हे आजोबा नुकतेच महाराष्ट्रातून लेकाकडे आलेत. बाबागाडीत नात आहे. क्रॉसिंगपाशी येऊन ते थबकले आणि सवयीनं उजवा हात वर केला, पंजा गाडीकडे. गाडी थांबलेलीच आहे. तरी ते पुढे होत नाहीत. चालक वाट बघतोय, आजोबाही वाट बघताहेत.

(मूळ आवाज : “चला ना बाबा, तुमच्यासाठीच थांबलाय तो.” “अगं, निघू दे की त्याला आधी.” “तो नाही निघायचा. तुम्ही चला.”)

क्रॉसिंगवर माणूस असेल तर थांबायचं आणि तो जाईपर्यंत थांबूनच राहायचं, हा या राज्याचा कायदा आहे. पण कायदा पाळायला माणूस आधी दिसावा लागतो. आजोबा दिसले, कारण त्यांच्या अलीकडे गाडी लावलेली नव्हती.

(शहर वरून. चौकांची जाळी.)

जानेवारी २०१७ नंतर पुढची सात वर्षं होबोकेनच्या रस्त्यांवर अपघातात कुणाचाही जीव गेला नाही. चालणाऱ्याचा नाही, सायकलवाल्याचा नाही, गाडीतल्याचाही नाही. पार्किंगच्या जागा कमी झाल्या म्हणून लोक चिडले, आजही चिडतात.

(सायकलची मार्गिका. तीत उभी असलेली डिलिव्हरी व्हॅन. सायकलस्वार वळसा घालून वाहत्या रस्त्यात.)

सायकलीचं काम अजून अपुरं आहे. २०२१ मध्ये शेजारच्या जर्सी सिटीपाठोपाठ होबोकेनही न्यूयॉर्कच्याच ‘सिटी बाइक’ या भाड्याच्या सायकलींच्या योजनेत आलं. निळ्या सायकली आता गावभर दिसतात. पण बऱ्याच रस्त्यांवर सायकलची मार्गिका म्हणजे रंगाचा एक पट्टा. त्या पट्ट्यावर ही व्हॅन उभी आहे, आणि मागून आलेली ही मुलगी मान वळवून बघते, हात दाखवते, बसच्या पुढ्यात येते. व्हॅन हलेपर्यंत आम्ही इथेच चित्रण करत होतो. तेवढ्या वेळात जो जो सायकलवाला आला, त्याला हेच करावं लागलं.

कोपऱ्यावर नुसत्या रंगानं भागलं नव्हतं, खांब लावावे लागले होते. सायकलच्या मार्गिकेलाही तेच हवेत, आणि तेही डांबरीकरणाच्या त्याच यादीत बसवून. माल उतरवणाऱ्या गाड्यांना प्रत्येक गल्लीत ठरावीक जागा आखून द्यायला हवी, नाहीतर त्या उभ्या राहणार कुठे? होबोकेनचं उद्दिष्ट फक्त मृत्यूंपुरतं नाही, जखमींपुरतंही आहे, आणि मुदत २०३० चीच आहे.