पाणी असलेल्या भोकात सुरुंग भरताना

(दृश्य : चंद्रपूर परिसरातील खुली कोळसा खाण. पावसाळी सकाळ. बेंचवर, म्हणजे खाणीतील पायरीसारख्या सपाट टप्प्यावर, ओळीने पाडलेली भोके.)

वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या थरांवर बऱ्याच ठिकाणी कामठी वालुकाश्म पसरलेला आहे. हा दगड सच्छिद्र असून तो भूजल धरून ठेवतो, आणि त्यात वर्षाकाठी 1,200 मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसाची भर पडते. त्यामुळे चंद्रपूर, घुग्घुस, वणी या पट्ट्यातील खाणींत ड्रिलने पाडलेले भोक कोरडे राहील याची खात्री उन्हाळ्यातही देता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तर ड्रिल यंत्र पुढच्या भोकाकडे सरकण्याआधीच मागच्या भोकात पाणी वर चढू लागलेले असते.

पाण्यात बारूद भिजते, भिजलेली बारूद उडत नाही, म्हणजे ओल्या भोकात धोका कमी, असा एक समज खाणीबाहेरच्या माणसांत आढळतो. प्रत्यक्षात गोष्ट नेमकी उलट आहे. ठरल्या वेळी उडालेला सुरुंग आपले काम करून संपतो. अर्धवट उडालेला किंवा अजिबात न उडालेला सुरुंग मात्र फुटलेल्या दगडाच्या ढिगात पडून राहतो आणि दुसऱ्या दिवशी शॉवेलच्या, म्हणजे ढीग उचलणाऱ्या यंत्राच्या, दातांखाली येऊ शकतो. ओल्या भोकात सुरुंग भरताना घेतली जाणारी जवळजवळ प्रत्येक खबरदारी ही असा अवशेष मागे राहू नये यासाठीच असते.

(दृश्य : पांढरट गोल दाणे. शेजारी पाण्याने भरलेले काचेचे भांडे.)

खाणकामात सर्वाधिक वापरले जाणारे स्वस्त स्फोटक म्हणजे अमोनियम नायट्रेट आणि इंधन तेल यांचे मिश्रण, ज्याला सगळे ॲन्फो म्हणून ओळखतात. कोरड्या भोकात त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. परंतु अमोनियम नायट्रेट पाण्यात अतिशय झपाट्याने विरघळते : सामान्य तापमानाला 100 ग्रॅम पाण्यात ते दीडशे ग्रॅमपेक्षाही अधिक सामावते. शिवाय सुटे ॲन्फो पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते तळापर्यंत नीट पोहोचतही नाही. जे विरघळले ते गेले, आणि जे उरले त्याचा स्फोट अपुरा होतो. अशा अपुऱ्या स्फोटाची एक खूण लांबूनही दिसते, ती म्हणजे नारिंगी-तपकिरी धूर. हा नायट्रोजन डायऑक्साइड वायू विषारी असून श्वासावाटे आत गेल्यावर त्याचा फुप्फुसांवरील परिणाम काही तासांनीही उद्भवू शकतो. म्हणूनच अशा धुरात सापडलेल्या कामगाराला बरे वाटत असले तरी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवावे लागते.

ओल्या भोकाच्या प्रश्नाला पहिले समाधानकारक उत्तर 1956 च्या सुमारास मिळाले. अमेरिकी रसायनतज्ज्ञ मेल्विन कुक यांनी कॅनडातील लॅब्राडोरच्या लोहखनिजाच्या खाणींसाठी काम करताना पाणी स्फोटकाच्या बाहेर ठेवण्याऐवजी ते त्याच्या घटकांतच सामावून घेतले, आणि त्यातून स्लरी स्फोटके आली. पुढे 1960 च्या दशकात इमल्शन आले. दुधात स्निग्धाचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरलेले असतात. इमल्शनमध्ये याच्या उलट, नायट्रेटच्या संपृक्त द्रावणाचे थेंब तेलाच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळलेले असतात. हा पापुद्रा बाहेरचे पाणी आत शिरू देत नाही. इमल्शन पाण्यापेक्षा जड असल्यामुळे ते खाली बसते आणि पाण्याला वर सारते.

(दृश्य : भोकाच्या तोंडाशी बसलेला कामगार. वजन बांधलेली टेप आत सोडली जात आहे.)

तरीही चांगले स्फोटक आणले म्हणजे काम झाले असे नाही. सुरुंग भरण्याआधी प्रत्येक भोकाची खोली मोजली जाते. वजन लावलेली टेप आत सोडली की पाण्याला टेकताना तिचा ताण किंचित बदलतो, आणि तळाशी गाळ असेल तर ती ठक्कन न थांबता मऊपणे रुतते. सरावलेल्या हाताला हा फरक लगेच कळतो. भोकाची एकूण खोली, पाण्याची उंची आणि गाळाची जाडी हे तिन्ही आकडे नोंदवहीत जातात. जिथे शक्य असेल तिथे पंपाने पाणी उपसतात, मात्र थोड्या वेळाने टेप पुन्हा सोडून पाहणे आवश्यक असते, कारण वालुकाश्मातले भोक बघता बघता पुन्हा भरते, आणि उपसलेले भोक कोरडे समजून त्यात ॲन्फो ओतणे ही मोठी चूक ठरते.

(दृश्य : पंप असलेला ट्रक. भोकात उतरणारी जाड रबरी नळी.)

ट्रकमधील टाकीत असते ते इमल्शन अद्याप स्फोटक झालेले नसते. भोकात जाताना त्यात वायूचे सूक्ष्म बुडबुडे निर्माण करणारे रसायन मिसळले जाते आणि त्यानंतरच ते स्फोटक बनते. रस्त्यावरून सुट्या स्फोटकांची वाहतूक टळते, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे.

नळी तळापर्यंत उतरवणे आणि भरणे तळापासूनच सुरू करणे, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा नियम होय. इमल्शन वरून ओतले तर ते पाण्यातून पडताना तुटते, त्याच्या लगद्यांमध्ये पाणी आणि चिखल अडकतो, आणि स्फोटाची लाट त्या खंडापाशी येऊन थांबू शकते. म्हणून नळीचे टोक नेहमी भरलेल्या इमल्शनच्या आत बुडालेले ठेवून, स्तंभ जसा वर चढेल तशी नळी हळूहळू ओढून घेतली जाते. ओढण्याची घाई झाली तर टोक पाण्यात उघडे पडते, आणि वरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

इथे साधे गणित उपयोगी पडते. 160 मिलिमीटर व्यासाच्या भोकात एक मीटर उंचीला सुमारे 20 लिटर जागा असते, म्हणजे 1.15 घनतेचे स्फोटक दर मीटरला साधारण 23 किलो बसते. पंपाच्या मापकावर 23 किलो गेले असताना टेप स्तंभ एक मीटर वर आल्याचे दाखवत असेल, तर सर्व ठीक आहे. स्तंभ त्याहून कमी चढला तर माल एखाद्या भेगेत किंवा जुन्या भूमिगत खाणीच्या पोकळीत जात आहे, असे समजून भरणे तिथेच थांबवावे लागते. कारण तिथे साचलेला जादा माल दगड कुठवर उडवेल ते सांगता येत नाही. याउलट तो जास्त चढला, तर भोकाची भिंत ढासळली असावी किंवा मध्ये पाणी अडकले असावे. माझ्या मते या साऱ्या कामात टेपइतके स्वस्त आणि तिच्याइतके दुर्लक्षित साधन दुसरे नसेल.

बुडबुड्यांचीही एक अडचण आहे. दहा मीटर पाण्याचा दाब जवळपास एका वातावरणाइतका असतो. खोल भोकाच्या तळाशी हा दाब बुडबुडे आवळून टाकतो, घनता वाढते, आणि मर्यादेपलीकडे वाढलेल्या घनतेचे इमल्शन पेटतच नाही. म्हणून भरताना नमुना कपात घेऊन त्याची घनता तपासली जाते आणि बुडबुडे पुरते तयार होईपर्यंत भोकाचे तोंड बंद केले जात नाही. या अवधीत स्तंभ फुगून थोडा वर येतो; तोंड आधीच बंद केले तर त्या वाढीला जागा उरत नाही.

वरचा भाग बंद करण्यासाठी ड्रिलची भुकटी वापरण्याची सवय जुनी आहे. ओल्या भोकात मात्र त्या भुकटीचा चिखल होतो आणि स्फोटाचा वायू तो सहज बाहेर फेकतो. त्याऐवजी टोकदार कडांची खडी वापरावी. पाण्यातही तिचे दाणे एकमेकांत अडकून राहतात. खडी हळूहळू सोडली नाही, तर तिच्या धारेने डिटोनेटरची, म्हणजे स्फोट सुरू करणाऱ्या छोट्या साधनाची, नळी कापली जाऊ शकते.

(दृश्य : काळवंडलेले आभाळ. लाल झेंडे. भोंगा.)

पावसाळ्यात वीज हा स्वतंत्र धोका असतो. गडगडाट जवळ येऊ लागला की भरणे कितीही शिल्लक असले तरी काम सोडून सर्वांनी सुरक्षित अंतरावर जायचे असते, आणि यात ‘एवढे एक भोक उरकू’ ही सवलत कोणालाच नसते. कोल माइन्स रेग्युलेशन्स, 2017 नुसार खुल्या खाणीत सुरुंगाभोवती 500 मीटरचा धोकाक्षेत्र मानला जातो. भरलेली भोके पाण्यात जितकी अधिक काळ राहतील तितकी वाहते भूजल इमल्शनची झीज करण्याची शक्यता वाढते, म्हणून एका पाळीत उडवता येतील तेवढीच भोके भरणे शहाणपणाचे.

स्फोटानंतर धूर पूर्ण निवळल्यावर ब्लास्टिंगचा अनुभवी अधिकारी आधी एकटा पुढे जातो. न फुटलेला उंचवटा, भोकाच्या तोंडातून बाहेर आलेली डिटोनेटरची नळी, दगडांमध्ये चिकटलेला इमल्शनचा लगदा किंवा रेंगाळणारा नारिंगी धूर यांपैकी काहीही दिसले तर ती जागा कुंपण घालून वेगळी केली जाते. भोकाचा उरलेला तळ, ज्याला खाणीत सॉकेट म्हणतात, त्यात पुन्हा ड्रिल घालण्यास सक्त मनाई असते, आणि संशयित भोकांचे क्रमांक पुढच्या पाळीच्या ओव्हरमनकडे (पाळीवरील पर्यवेक्षकाकडे) व शॉवेल चालकाकडे लेखी दिल्याशिवाय ढीग उचलायला सुरुवात होत नाही.